पेट्रोलच्या पावतीपासून रिटर्नपर्यंत : गावात नोकरी किंवा छोटं दुकान करणाऱ्यांसाठी कर आणि खर्चाचा हिशेब

मार्च ते मे अशा तीन महिन्यांच्या प्रवासखर्चाचं माझं बिल कंपनीने एकदा परत पाठवलं होतं. मी तेव्हा एका बियाणे कंपनीत फिल्डवर होतो. यवतमाळ, कळंब, राळेगाव, पांढरकवडा असा दिवसभर मोटारसायकलवर. पेट्रोलपंपाच्या पावत्या टाकीवरच्या बॅगेत ठेवायचो. त्या गुळगुळीत कागदाला ऊन लागलं की काय होतं ते तेव्हा कळलं. निम्म्या पावत्या काळ्या पडल्या होत्या. निम्म्यांवरची शाई उडून कोरा कागद उरला होता. ९,४०० रुपयांचा प्रश्न होता. लेखा विभागातल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर, यावर तारीखच दिसत नाही, मी पास कशी करू?" त्यांचं बरोबर होतं.

पुढे नोकरी सोडून घाटंजी तालुक्यात कृषी केंद्र टाकलं. घरचं सहा एकर वावरही आहे. म्हणजे पगार, धंदा आणि शेती या तिन्ही बाजूंनी हा हिशेब मी केलेला आहे. गावातली नवीन पोरं आता विचारायला येतात. कोणी फायनान्स कंपनीत वसुलीला लागलेलं असतं, कोणी डाळमिल टाकलेली असते, कोणाचं मोबाईलचं दुकान असतं. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्याप्रमाणेच भरायचं आहे. म्हणून जिथे क्रमांक दिलेत ते जुन्या कायद्याचे समजा.

१. आधी तुमचं उत्पन्न कुठून येतं ते कागदावर मांडा

एका कोऱ्या पानावर चार रकाने करा : पगार, धंदा, शेती, इतर (व्याज, घरभाडं वगैरे). आपल्याकडे बहुतेकांचे किमान दोन रकाने भरतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मास्तरच्या नावावर वावर असतं, दुकानदाराची पऱ्हाटी (कपाशी) असते, ग्रामपंचायतीत काम करणाऱ्याचं घरी किराणा दुकान असतं. रिटर्नचा फॉर्म या रकान्यांवरून ठरतो. "मला काय, सहज भरून दे" असं सांगून कॉम्प्युटर सेंटरवर जाऊ नका.

शेती भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर आहे आणि कसता तुम्ही, असं असेल तर घरात बसून आधी ठरवा की उत्पन्न कोणाचं धरायचं. ते दरवर्षी एकसारखंच दाखवा. एका वर्षी तुमचं आणि दुसऱ्या वर्षी वडिलांचं दाखवलं तर विचारणा झाल्यावर उत्तर द्यायला जड जातं.

२. कागद आधी जमवा

सगळ्यांसाठी :

- पॅन आणि आधार, दोन्ही एकमेकांना जोडलेले. जोडलेले नसतील तर पॅन निष्क्रिय होतो आणि टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) चढ्या दराने कापला जातो.
- आधारला जोडलेला तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर
- सगळ्या बँक खात्यांची वर्षभराची विवरणं, सोसायटी आणि पतसंस्थेच्या खात्यांसकट
- आयकर पोर्टलवरून काढलेलं २६-एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तपशील) आणि एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण

नोकरदारांसाठी फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला. तो मालकाने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. मागितल्याशिवाय मिळत नसेल तर मागा.

दुकानदारांसाठी खरेदीची पक्की बिलं, विक्रीची बिलबुकं, उधारीची खातेवही, ३१ मार्चच्या मालाची मोजणी, भाडेकरार आणि लायसन्सच्या नूतनीकरणाच्या पावत्या.

शेतीसाठी सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद, बाजार समितीची किंवा जिनिंगची काटापट्टी, सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस दिला असेल तर त्याची पावती, आणि बियाणं-खत-फवारणीची बिलं. शेतकरी बिलं मागत नाहीत, मागितलं तरी फेकून देतात. माझ्या दुकानात रोज पाहतो. ज्याचा शेतीशिवाय दुसरा काही कामधंदा आहे त्याने तरी ती जपावीत.

३. नोकरदार : खर्चाचं बिल त्याच दिवशी तयार करा

फिल्डवरच्या माणसाला सगळ्यात जास्त नुकसान याच ठिकाणी होतं. करात नाही, खिशातून गेलेला पैसा परत न आल्यामुळे होतं.

कामासाठी केलेला प्रवास, दौऱ्यातला जेवण-मुक्कामाचा भत्ता आणि कामावर असतानाचा वाहनखर्च, या भत्त्यांतली प्रत्यक्ष कामासाठी खर्च झालेली रक्कम करमुक्त असते. नवीन करपद्धतीतही ही सवलत आहे. पण दोन अटी नीट समजून घ्या. घरून ऑफिसात जाणं-येणं हा कामासाठीचा प्रवास धरत नाहीत. आणि कंपनीने दर महिन्याला ठरावीक ३,००० रुपये वाहनभत्ता दिला व तुमचा खर्च २,००० च झाला, तर वरचे १,००० हे तुमचं उत्पन्न होतं.

माझी वही अशी असायची. डाव्या पानावर एक ओळ :

*१२ ऑगस्ट. यवतमाळ – कळंब – राळेगाव – परत. मीटर १८,४१२ ते १८,५१६ = १०४ किमी. डीलर भेटी ३, शेतकरी सभा १. पेट्रोल ३०० रु. चहा-नाश्ता ६० रु., जेवण १२० रु.*

उजव्या पानावर त्या दिवसाच्या पावत्या, वरच्या कडेला पिनने लावलेल्या. चिकटवू नका, गोंदाने तो कागद लवकर खराब होतो. पंपावरच पावतीचा मोबाईलवर फोटो घ्यायचा आणि रात्री पावतीच्या मागे पेनने तारीख व रक्कम लिहायची. पुढची शाई उडाली तरी मागचं पेनचं लिहिलेलं टिकतं. ते एकटं पुरावा म्हणून चालेलच असं नाही, पण फोटो, मीटरचा आकडा आणि भेटीची नोंद अशी तीन जागी जुळणी झाली की लेखा विभाग अडवत नाही. बिल परत आल्यानंतर मी या पद्धतीने पाठवायला लागलो, आणि पुढची अडीच वर्षं एकही बिल परत आलं नाही.

इथल्या चुका :

एसटीचं तिकीट जेवढ्याचं काढलं तेवढीच रक्कम लावा. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. पूर्ण भाड्याचं बिल लावलं आणि पुढे तिकीट तपासलं गेलं तर खरी बिलंही संशयात येतात.

बिल दर महिन्याला पाठवा. मार्चचं बिल तर ३१ तारखेच्या आतच गेलं पाहिजे, कारण कंपन्या वर्षाचा हिशेब बंद करतात आणि मग ते बिल "मागील वर्षाचं" म्हणून अडकतं.

जेवणाचं हॉटेलबिल नसेल तर "बिल नाही" असंच लिहा. खानावळवाल्याकडून कोरं बिलबुक आणून भरणारे लोक मी पाहिलेत. एकाच बिलबुकाचे ओळीने क्रमांक दोन वेगवेगळ्या गावांच्या दौऱ्यांना लागले की ते लगेच उघड होतं, आणि त्यात नोकरी जाते.

४. नोकरदार : जुनी पद्धत की नवी?

आयकर काढायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी, त्यांतली एक निवडायची. २०२५-२६ साठी नवीन पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढे ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यावर ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) आधी मिळते, म्हणजे १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर काही भरायचं नाही.

तालुक्याच्या गावी खासगी नोकरी करणाऱ्या बहुतेकांचा विषय इथेच संपतो. घरभाड्याच्या पावत्या, विमा, पोरांची फी हे सगळं जुन्या पद्धतीत लागतं. जुनी पद्धत घ्यायचीच असेल तर घरभाडं वर्षाला १ लाखावर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

"तुझा कापलेला टीडीएस सगळा परत आणून देतो, मला त्यातले अमुक टक्के दे" असं म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या दारात उभं राहू नका. तो तुमच्या नावाने खोट्या देणग्या नाहीतर खोटं कर्ज दाखवतो. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभर अशा खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांवर कारवाई केली. दलाल त्याचं कमिशन घेऊन जातो, पण रिटर्न तुमच्या नावाचं असतं आणि व्याज-दंड तुम्हालाच भरावा लागतो.

५. दुकानदार : सहा आणि आठ टक्क्यांचा हिशेब

नवीन दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो : "भाऊ, खर्चाची बिलं किती जोडू म्हणजे टॅक्स कमी होईल?" याचं उत्तर तुम्ही कोणता रस्ता धरता त्यावर आहे.

छोट्या धंद्यासाठी कलम ४४-एडी मध्ये अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत), तर खर्चाचा तपशील न देता ठरावीक टक्का नफा दाखवता येतो. रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के. बँक, चेक, यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के. यात दुकानभाडं, हमाली, वीजबिल, घसारा सगळं धरलेलंच आहे, वेगळं काही वजा होत नाही. म्हणून या रस्त्याने जाणाऱ्याला खर्चाची बिलं जोडून कर कमी करता येत नाही.

उदाहरण घ्या. जीएसटी वगळून उलाढाल ७२ लाख. त्यातले ४५ लाख बँकेतून किंवा यूपीआयने आले आणि २७ लाख रोख. ४५ लाखांचे ६ टक्के म्हणजे २,७०,०००. २७ लाखांचे ८ टक्के म्हणजे २,१६,०००. एकूण उत्पन्न ४,८६,०००. दुसरं उत्पन्न नसेल तर नवीन पद्धतीत सूट धरून कर शून्य. रिटर्न मात्र भरावंच लागतं.

आता आपल्याकडची खास गोष्ट. कृषी केंद्राची विक्री मृगात होते आणि वसुली दिवाळीनंतर, कापूस-सोयाबीन विकल्यावर. काहींची तर तूर निघाल्यावर, मार्चच्याही पुढे जाते. ती उधारीची विक्री यंदाच्याच उलाढालीत धरायची. पण तिची वसुली रिटर्न भरण्याच्या मुदतीच्या आत यूपीआयने किंवा बँकेतून आली, तर तिलाही ६ टक्केच लागतात. म्हणून मार्चनंतर येणाऱ्या उधारीसमोर ती कशी आली ते खातेवहीत लिहा. मी हिरव्या पेनने "बँक" आणि लाल पेनने "रोख" असं लिहितो.

हा रस्ता कोणाला बंद आहे? कमिशन, दलाली आणि एजन्सीच्या उत्पन्नाला. म्हणजे बाजार समितीतला अडत्या, विमा एजंट यांना ही योजना घेता येत नाही. एकदा या योजनेत आलात आणि पाच वर्षांच्या आत ठरल्यापेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिटही लागतं.

खताचा जास्त धंदा असणाऱ्यांना हे टोचतं, कारण खतात ६ टक्के सुटतच नाहीत. तरीही माझं मत असं आहे की दाखवलेला नफा १२ लाखांच्या आत राहत असेल तर या योजनेतच राहा. कर शून्यच येतो, ऑडिटची फी वाचते. खरा तोटा झाला असेल किंवा उलाढाल मोठी असेल तेव्हा मात्र सीएकडे बसून पूर्ण वह्या ठेवा.

पूर्ण वह्या ठेवणार असाल तर खर्चाची शिस्त लागते. हमालाला दिलेल्या पैशाचं व्हाउचर करा : नाव, गाव, काय काम, किती पोती, सही किंवा अंगठा. घरचा किराणा, पोरांची फी, सोयरिकीतला आहेर दुकानाच्या खर्चात घालू नका. पीककर्ज आणि दुकानाचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठी बँकेने दिलेलं फिरतं कर्ज) यांचं व्याज एकत्र करू नका. आणि एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत (मालवाहतूकदाराला ही मर्यादा ३५,००० आहे). शेतकऱ्याकडून त्याने पिकवलेला माल घेताना मात्र या नियमातून सूट आहे. तोच माल गावातल्या व्यापाऱ्याकडून घेतला तर सूट नाही.

६. शेती : कर नाही, पण दाखवावी लागते

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मक्त्याने दिलेल्या वावराचा मक्ताही शेतीचंच उत्पन्न. पुढच्या दोन गोष्टी मात्र फार कमी लोकांना माहीत असतात.

पहिली, फॉर्म. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ (सहज) आणि आयटीआर-४ (सुगम) हे दोन्ही फॉर्म चालत नाहीत. पगारदाराला आयटीआर-२ आणि दुकानदाराला आयटीआर-३ भरावा लागतो. ५,००० म्हणजे काय हो, दोन एकरातली तूरही त्याच्या वर जाते. तरी आपल्याकडे अर्धी गावं "सहज" आणि "सुगम" भरतात आणि शेतीच्या रकान्यात शून्य टाकतात. मग खात्यात सीसीआयकडून कापसाचे पैसे आलेले असतात आणि ते कशाचे, हे रिटर्नमध्ये कुठेच नसतं.

दुसरी, दर. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर शेतीचा आकडा फक्त दर ठरवण्यासाठी मिळवतात. समजा एका मास्तरचं प्रमाणित वजावटीनंतर उत्पन्न १४ लाख आणि शेतीचं ३ लाख आहे. शेती नसती तर कर ९०,००० झाला असता. आता आधी १७ लाखांवरचा कर काढायचा : १,४०,०००. मग शेतीचे ३ लाख आणि करमुक्त ४ लाख मिळून ७ लाखांवरचा कर : १५,०००. तो वजा केला की १,२५,०००. म्हणजे ३५,००० जास्त, वर ४ टक्के उपकर. ज्यांचं शेती सोडून उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे त्यांना सूट मिळत असल्यामुळे सहसा याचा भार पडत नाही. पण म्हणून शेती दाखवायचीच नाही असं करू नका. उद्या घर बांधलं, ट्रॅक्टर घेतला, तर पैसा कुठून आला हे दाखवायला तोच आकडा कामी येतो.

७. रोख पैसा घेताना आणि देताना

दिवाळीनंतर एक काकाजी कापूस विकून दुकानात आले. धोतराच्या सोग्यात बांधलेली नोटांची गड्डी काउंटरवर ठेवली. दोन वर्षांची थकलेली उधारी, २ लाख १० हजार. अशा वेळी नाही म्हणणं जिवावर येतं. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि मुलाला सोबत देऊन बँकेत पाठवलं. पैसे त्यांच्या खात्यात भरले आणि तिथून माझ्या खात्यात वळवले. एक तास गेला.

कारण : एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाहीत. घेतले तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. एकाच बिलाचे दोन दिवसांत दोन हप्ते केले तरी तो एकच व्यवहार धरतात.

दुसरं, हातउसने. हंगामाआधी माल भरायला मेव्हण्याकडून, मित्राकडून रोख आणतो आपण. २०,००० किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीने घेणं चालत नाही, परत देणंही रोखीने चालत नाही. यातही दंड रकमेएवढाच. दोघांचं उत्पन्न शेतीचंच असेल आणि दोघांचंही करपात्र उत्पन्न नसेल तर घ्यायला सूट आहे, पण दुकान टाकलं की ती सूट बहुतेकांच्या हातून जाते. मेव्हणा घरचा असला तरी पैसे बँकेतून घ्या.

८. जीएसटी आणि व्यवसाय कर

फक्त मालाची विक्री असेल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागते, सेवा देत असाल तर २० लाखांनंतर. इथे कृषी केंद्रवाले हमखास चुकतात. बियाण्यावर जीएसटी नाही म्हणून त्याची विक्री धरत नाहीत. करमुक्त मालाची विक्रीही एकूण उलाढालीत मोजतात. बियाणं ३० लाख आणि खत-औषध १५ लाख म्हणजे ४५ लाख, नोंदणी करायलाच हवी.

छोट्या किराणावाल्याला दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक टक्का कर) सोपी पडते. व्यापाऱ्याला १ टक्का, दर तिमाहीला सीएमपी-०८ हे विवरण पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत. मात्र ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरचा कर परत मिळत नाही. खतावर ५ आणि रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के कर असल्यामुळे मी साध्या नोंदणीतच आहे, कारण खरेदीवरचा कर मोठा असतो.

खरेदीवरचा कर वळता करून घेताना (यालाच क्रेडिट म्हणतात) जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, ते बिल दिसतंय का हे आधी पाहा. डिस्ट्रिब्युटरने बिल दिलं पण त्याच्या रिटर्नमध्ये टाकलं नाही, तर तुम्हाला क्रेडिट मिळत नाही. त्याचे पैसे १८० दिवसांत चुकते केले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं. आपण उधारीवर माल उचलतो, म्हणून ही तारीख खातेवहीत लिहून ठेवा. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्या बिलांवर क्रेडिट शोधू नका. आणि विक्री शून्य असली तरी रिटर्न भरा, नाहीतर विलंब शुल्क दिवसागणिक चढतं.

व्यवसाय कर लोक विसरतात. दुकानमालकाला पीटीईसीचे (स्वतःच्या व्यवसाय कराचे) वर्षाला २,५०० रुपये. दुकानात नोकर असेल आणि त्याचा पगार ७,५०० च्या वर असेल तर पीटीआरसी (नोकरांचा व्यवसाय कर भरायची नोंदणी) काढून त्याच्या पगारातून कापायचा : १०,००० पर्यंत महिना १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिला कर्मचाऱ्याला एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत हा कर नाही. उद्यम (छोट्या उद्योगांची) नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

९. रिटर्न भरताना

माझं दुकानाचं पहिलं रिटर्न मी एका कॉम्प्युटर सेंटरवर भरलं. तिथल्या पोराने पोर्टलवर स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा ई-मेल टाकला, ओटीपी पटपट यावा म्हणून. फॉर्मही चुकीचा लावला. त्या वर्षी एका कंपनीने टार्गेट पूर्ण केलं म्हणून आम्हा डीलरांना सहलीला नेलं होतं. अशी सहल, सोन्याचं नाणं, फ्रीज, काहीही वर्षाला २०,००० च्या वर गेलं की कंपनीला कलम १९४-आर खाली १० टक्के टीडीएस भरावा लागतो. जुलै २०२२ पासून हा नियम आहे. ती रक्कम आपल्या धंद्याचं उत्पन्न म्हणून २६-एएस मध्ये दिसते. माझ्या रिटर्नमध्ये तिचा पत्ता नव्हता. सदोष रिटर्नची नोटीस आली ती त्या पोराच्या मेलवर. उत्तराला १५ दिवस असतात, ते उलटून गेले. मला कळलं तेव्हा आठ महिने झाले होते. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायला बँकेत गेलो आणि साहेबांनी सांगितलं की हे रिटर्न अवैध ठरलंय. मर्यादा वाढली नाही, तो खरीप मी कमी मालावर काढला.

म्हणून या क्रमाने जा :

१) पोर्टलवर स्वतः लॉगिन करून मोबाईल आणि ई-मेल तुमचाच आहे हे बघा. ई-मेल नसेल तर आज काढा.

२) एआयएस आणि २६-एएस छापून घ्या. प्रत्येक ओळीसमोर पेनने लिहा : हे कशाचं. तुमचं नसलेलं काही दिसलं तर तिथेच ऑनलाइन हरकत नोंदवता येते.

३) मग फॉर्म निवडा. वरच्या मुद्दा १ मध्ये केलेलं पान आणि शेतीचा मुद्दा ६ समोर ठेवा.

४) दुकानदाराला जुनी करपद्धत हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए आधी भरावा लागतो.

५) भरणा झाला की ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. न केल्यास रिटर्न भरलंच नाही असं धरतात. सेंटरवरून उठण्याआधीच हे करून घ्या.

६) पोचपावती, फॉर्मची पूर्ण प्रत आणि करगणना असे तिन्ही कागद घ्या. बँक तिन्ही मागते.

मुदत पोर्टलवर बघा. २०२५ साली ३१ जुलैची मुदत आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरवर नेली होती, पण दरवर्षी वाढेल या भरवशावर राहू नका. उशिरा भरल्यास ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० आणि त्यावर ५,००० शुल्क आहे. ४४-एडी वाल्यांचा वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर तो १५ मार्चपर्यंत आगाऊ भरायचा असतो.

सीए कधी गाठावा? जमीन किंवा प्लॉट विकला, भागीदारी केली, नोटीस आली किंवा ४४-एडी मधून बाहेर पडायचं असेल तेव्हा. या चार बाबतींत फीचा विचार करू नका.

१०. कागद कुठे ठेवायचे

जीएसटीच्या वह्या त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. मी सगळेच कागद आठ वर्षं ठेवतो. आपल्या काळ्या मातीच्या घरांत उधई लागते, म्हणून कपाटात किंवा माळ्यावर गठ्ठे नकोत. पत्र्याची पेटी घ्या, खाली चार विटा लावा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. वर्षाला एक जाड प्लास्टिकची पिशवी, बाहेर मार्करने आर्थिक वर्ष. पोळ्याच्या सुमारास, दुकानात गर्दी कमी झाली की, पेटी उघडून एकदा उन्हं दाखवा. पंपाच्या आणि एटीएमच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढून मगच आत टाका.

पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा : पॅन, जीएसटी क्रमांक, बँक खाती, सीएचा फोन, कोणतं रिटर्न कधी असतं. तुम्ही दवाखान्यात असलात तरी घरच्यांना तारीख सांभाळता येईल. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका, तो घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.